तात्यारावांची फक्की

तिसऱ्या खेपेलाही तेल फाटलं नाही.

फाटलं असतं तर टाकीच्या काचेत तासाभरात रेघ दिसली असती. रेघेच्या वर गव्हाळ रंगाचं पातळ डिझेल, खाली काळपट, घट्ट ग्लिसरीन. विनायक सकाळपासून काचेला नाक लावून बसला होता आणि काचेआड नुसतं पांढुरकं, बुळबुळीत पाणी होतं. त्याने खालचा कॉक सोडून वाटीभर बाहेर काढलं आणि बोटांत चोळलं. फेस आला. तीनशे लिटर तेलाचा साबण झाला होता, आणि त्याने धड कपडेसुद्धा निघाले नसते.

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. नजफगडच्या नाल्यापलीकडे, मोहरीच्या शेतांच्या मधोमध पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात दोन टाक्या, एक मिथेनॉलची बंदिस्त खोली, आणि कुंपणाच्या भिंतीला चिकटून दोन खोल्यांचं क्वार्टर. पत्ता दिल्लीचा, पण दिल्लीतला रिक्षावाला पत्ता ऐकून मान फिरवायचा. करंजाचं तेल ड्रममधून यायचं, ढाब्यांवरचं जळकं तेल डब्यांमधून यायचं. शेडमागे शेवाळाचा एक हिरवागार हौद होता. त्यातून वर्षाकाठी बाटलीभर तेल निघे आणि पाहुणे आले की तेवढ्यावर अर्धा तास भाषण होई.

या तेलांचं डिझेल व्हायचं ते एका पांढऱ्या पावडरीमुळे. अंड्यांची टरफलं धुऊन, दळून, दिल्लीच्या प्रयोगशाळेत लाल होईपर्यंत भाजायची, की झाली पावडर. तेल आणि मिथेनॉलमध्ये ती घालून तीन तास गरम ढवळायचं. ती विरघळत नाही, काम करते आणि गाळून परत मिळते. सगळी हुशारी एवढीच. सुधन्वा सर तिला उत्प्रेरक म्हणत. विनायक पावडर म्हणे. खरं तर तो कळीचा चुना होता, पण चुना म्हटलं की कुणी अनुदान देत नाही.

सुधन्वा सर या प्रकल्पाचे प्रमुख. पुण्याचे, राहायला मयूर विहारला. विनायकने फोन लावला तेव्हा ते मेट्रोत होते.

"टेम्परेचर किती ठेवलंस?"

"साठ, सर. सतत साठ. तुम्हाला फोटो पाठवलेत."

"मग ढवळणं कमी पडतंय. हे बघ विनायक, डिसेंबरपर्यंत सगळं बिल्कुल ठीक चाललं होतं. आता तीन बॅचेस गेल्या. शुक्रवारी खरेदीवाले येतायत. त्यांच्यासमोर एक बॅच साफ निघाली नाही तर मार्चमध्ये शेडला कुलूप लागणार. मग मी काहीच करू शकणार नाही, यार."

शेडला कुलूप म्हणजे विनायकच्या कंत्राटाला कुलूप आणि दोन खोल्यांनाही. हे सरांनी सांगायची गरज नव्हती. आज सोमवार होता.

विनायक मूळचा सांगोल्याकडचा. आयटीआय करून चाकणला, तिथून गुडगावला आणि तिथून इथे. बायको अलकनंदा सोबत होती, आणि दिवाळीपासून वडीलही होते. आई श्रावणात गेली तेव्हा तात्यारावांना एकट्याला तिकडे ठेवणं त्याच्या जिवावर आलं. पण क्वार्टर कामगाराला आणि त्याच्या बायकोला एवढंच, असा नियम होता, आणि शेडमध्ये तर बाहेरच्या माणसाने पाऊलही टाकायचं नाही, कारण मिथेनॉल ठिणगीलाही पेट घेतं. तेव्हा घरात वडील आहेत हे सरांना सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणणं सोपं. सांगितलं नव्हतं. सरांची गाडी कच्च्या रस्त्याला लागली की तात्याराव मफलर गुंडाळून भिंतीपलीकडच्या सतबीरच्या शेतात जाऊन बसत. सतबीर विनायकचा मदतनीस, इथल्याच गावचा जाट. तो त्यांना चारपाई टाकून द्यायचा.

तात्याराव जातीने आणि हाताने लोणारी. पन्नास वर्षं त्यांनी चुन्याच्या भट्ट्या लावल्या होत्या. सिमेंट आलं, भट्ट्या विझल्या, पण हात थांबायला तयार नव्हते. इथे त्यांना काही कामच नव्हतं. सकाळी उठावं, धुक्यात भिंत धरून दोन फेऱ्या माराव्यात, चहा प्यावा, परत फेऱ्या माराव्यात. एकदा त्यांनी अलकनंदाच्या चुलीसाठी विटा रचायला घेतल्या, तर गॅस आहे म्हणून तिने त्या काढून टाकल्या. त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवर उठले.

मंगळवारी सकाळी चौथी खेप लावायची म्हणून अलकनंदा पावडर तोलायला शेडमध्ये गेली. डिसेंबरात तीच तोलत असे; गेल्या तीन खेपा विनायकने डबे न मोजता तोलल्या होत्या, आज तिने ते काम आपण होऊन परत घेतलं. विनायकचं सगळं लक्ष काचेवर होतं आणि सतबीरला काट्यापेक्षा अंदाजावर जास्त भरवसा होता. आठ किलो पावडर म्हणजे स्टीलचे चार डबे, हे तिला डिसेंबरपासून पाठ होतं. आज चार डबे झाले तरी काटा सव्वाचारवर. पाचवा टाकला, सहावा टाकला. आठ किलो व्हायला साडेसात डबे लागले.

तिने ड्रममध्ये डोकावलं. तीन खेपांची पावडर काढून झाली होती. ड्रम निम्म्यावर यायला हवा होता. तो काठोकाठ होता.

"भाभी, यो तो आपणे आप बढ़ण लाग रह्या सै," पावडर आपोआप वाढतेय असं वाटून सतबीर खूश होऊन म्हणाला. "दूध मैं भी न्यूं बरकत हो जाती तो बात थी।"

अलकनंदाने चिमूटभर पावडर बोटांवर घेतली. पूर्वी ती चरचरीत लागायची. आता मैद्यासारखी मऊ होती.

"अहो, पावडर फुगलीये," तिने विनायकला सांगितलं.

"धुकं आहे. हवा धरली असेल."

"झाकण घट्ट असतं. हवा धरून पीठ दुप्पट होतं का?"

"अलका, माझं डोकं खाऊ नकोस." आणि तो काचेकडे वळला, जणू रिकाम्या काचेत काही दिसणार होतं. ती खेप मात्र त्याने लावली नाही. तेलाचा डबा हातात घेऊन तो नुसता या टाकीपासून त्या टाकीपर्यंत फिरत राहिला.

बुधवारी पहाटे उजाडता उजाडता अलकनंदाला जाग आली. सासऱ्यांचं अंथरूण रिकामं होतं. ते रोजचंच. पण शेडच्या दाराची कडी वाजल्यासारखी वाटली म्हणून ती शाल ओढून बाहेर आली. धुकं इतकं की भिंत हाताला लागेपर्यंत दिसत नव्हती. शेडचं दार किलकिलं होतं. आत तात्याराव उकिडवे बसले होते. दुसऱ्या, न उघडलेल्या ड्रमचं झाकण त्यांनी बाजूला ठेवलं होतं, शेजारी बादली होती. उजव्या ओंजळीतून ते पाणी शिंपडत होते, डाव्या हातातल्या काठीने ढवळत होते. ड्रममधून वाफ निघत होती आणि त्या वाफेत त्यांचं तोंड कित्येक महिन्यांनी सैल झालं होतं.

"मामा, हे काय करताय?"

ते दचकले नाहीत. "इझवतोय. हळू बोल, त्यो जागा हुईल."

"काय विझवताय?"

"कळी. येवढी ड्रमभर जिती कळी हितं ठिवल्याली. वरनं पत्रा गळतोय दवानं. पल्याडच्या खोलीत ते पेट्रोलसारकं पानी. तूच म्हणालीस न्हवं, हितं बिडीबी वडू नका? मग कळीत पानी गेल्यावर काय हुतंय ठावं हाय का? माजा थोरला भाऊ हुता, गुणवंत. पावसात पोती भिजली, खोप पेटली. सकाळी त्येला गोळा करून आनला आमी." त्यांनी परत ओंजळ शिंपडली. "पोराला दोनदा सांगाय गेलो. म्हनला, तात्या तुमी यात पडू नका. न्हाय पडलो. आपलं गुमान इझवून टाकलं."

"किती दिवस?"

"न्यू इयर का काय ते झालं न्हवं, तवापासनं. रोज येक बादली. येकदम वतलं की गोळं हुत्यात. हळू दिलं की फक्की पडती, मऊ पिठावानी. बघ, हात घालून बघ. येक खडा घावायचा न्हाय."

अलकनंदाने हात घातला नाही. तिला हसूही येत होतं आणि तोंडावर पदर घेऊन ओरडावंसंही वाटत होतं. हा माणूस महिनाभर रोज पहाटे थंडीत उठून लेकाचा जीव वाचवत होता, आणि त्याच हाताने लेकाची नोकरी बुडवत होता. आणि काम इतकं सफाईदार, की पावडर भिजली आहे हे कुणाला दिसूसुद्धा नये.

तिने विनायकला उठवलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

विनायक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ड्रमजवळ आला, आत पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि खाली बसला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

तात्यारावांनी ओंजळीतलं उरलेलं पाणी बादलीत सोडलं.

"नऊशे लिटर तेल गेलं, तात्या. नऊशे. सर मला विचारतायत, टेम्परेचर किती, ढवळलंस किती. मी रोज थर्मामीटरचे फोटो पाठवतोय त्यांना. येड्यासारखा." त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ही जिवंतच लागते. विझली की संपली. तिच्यातली आगच तर हवी असते आम्हाला."

"मला काय ठावं?" तात्याराव म्हणाले. "चुना इझवल्याबिगर कामाचा असतोय, हे म्या पैल्यांदाच आयकतोय." त्यांचा आवाज खाली गेला. "नवीन मागवायची."

"दिल्लीहून यायला दहा दिवस. परवा शुक्रवार."

पत्र्यावरून दवाचे थेंब पडत होते, टप टप, ड्रमपासून हातभर अंतरावर. म्हाताऱ्याची भीती अगदीच खोटी नव्हती.

"इझलेली परत जिती करता येती," तात्याराव म्हणाले.

विनायकने मान वर केली.

"पानी दिलं म्हनून इझली. पानी जाळलं की झाली जिती. भट्टी लावायची."

हे पुस्तकातही असंच होतं आणि विनायकला ते माहीत होतं. शेडमधल्या टेबलावर भाजायची एक छोटी विजेची भट्टी होती, पण तिच्यात चहाच्या मगाएवढं मावायचं. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, तासांचा, आणि उठून उभा राहिला.

"कुठे लावणार?"

भट्टी सतबीरच्या शेतात लागली, मिथेनॉलपासून दोनशे पावलं लांब, भिंतीच्या पलीकडे. सतबीरने विटा दिल्या, त्याच्या आईने गोवऱ्यांचा अख्खा उडवा मोकळा करून दिला. कुंभाराकडून बारा मडकी आली. तात्यारावांनी धोतर खोचलं, जमिनीवर काठीने गोल काढला आणि विटा रचायला घेतल्या. सत्तरीचा माणूस, पण कंबर मोडून बसला तो उठलाच नाही. मडक्यांत फक्की दाबून भरली, तोंडं चिखलाने लिंपली आणि प्रत्येक तोंडाला करंगळीएवढं भोक ठेवलं.

"वाफंला वाट ठिवायची," त्यांनी सतबीरला बजावलं. "न्हायतर मडकं फुटतंय."

सतबीरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्याने मान डोलावून दुसऱ्या मडक्याला बरोबर तेवढंच भोक पाडलं.

विनायकचं मात्र चित्त ठिकाणावर नव्हतं. थंडीत इकडे पालापाचोळा जाळला तरी दंड होतो. धुराचा फोटो कुणी काढला तर शुक्रवारची वाट बघायचीही गरज नव्हती. तो दर दहा मिनिटांनी रस्त्यापर्यंत जाई, मागे वळून धूर दिसतो का बघे, परत येई. नशिबाने धुक्यात धूर मिसळून जात होता. अलकनंदा दुरून गोवऱ्या आणून देत होती. तिच्या तळहातांना चुना लागून भेगा पडल्या, डोळे चुरचुरत होते. तरी तिला त्या दिवशी बरं वाटत होतं. घरात दिवाळीपासून जो माणूस भिंतीला लागून चालायचा, तो आज मधोमध उभा राहून हुकूम सोडत होता.

"हिकडनं वारा घ्या. तिकडनं न्हवं. इनायका, रस्त्यावं काय ठिवलंय तुजं? गवरी दे."

विनायकने गोवरी दिली.

दिवसभर भट्टी धगधगली. गुरुवारी दुपारपर्यंत निवली. तात्यारावांनी पहिलं मडकं फोडलं, आतला गोळा बोटांत चुरला, विटेच्या तुकड्यावर चिमूट ठेवली आणि वर पाण्याचा एक थेंब सोडला. चर्र झालं, वाफ आली.

"जिती हाय," ते म्हणाले, आणि एवढं बोलून खाली बसले.

पावडर कोमट असतानाच डब्यांत भरून, झाकणांना चिकटपट्टी मारून विनायकने ती रात्री उशाशी ठेवली.

शुक्रवारी दहाला दोन गाड्या आल्या. पहिलीतून सुधन्वा सर, दुसरीतून खरेदीवाले तिघे. त्यांच्यासमोर विनायकने पावडर टाकली, ढवळणं सुरू केलं. आठ किलोला चारच डबे लागले, हे फक्त अलकनंदाने मोजलं. तीन तास पाहुण्यांनी हौद पाहिला, चहा घेतला, फोनवर बोलले. मग मिश्रण काचेच्या टाकीत सोडलं आणि सगळे गोळा झाले. विनायकने बाहीने काच पुसली.

वीस मिनिटांनी तळाशी एक काळी कड धरली. अर्ध्या तासाने रेघ स्पष्ट झाली. वरचं डिझेल इतकं नितळ उतरलं की पलीकडे उभ्या सतबीरच्या स्वेटरची वीण दिसत होती.

"अच्छा निकला है," खरेदीवाल्यांतला मोठा म्हणाला. "ऐसा हर हफ़्ते दे पाओगे?"

"बिल्कुल," सुधन्वा सर म्हणाले. ते विनायकच्या पाठीवर थाप मारायला वळले आणि थांबले. "हा धुराचा वास कुठून येतोय?"

सकाळीच तात्यारावांनी दुसरी भट्टी पेटवली होती. उरलेली फक्की होती ना. काम दिसलं की ते थांबणारे नव्हते, आणि गाडी आली की बसायची जागाही तीच होती. सर भिंतीतल्या माणूस जाईल एवढ्या फटीतून पलीकडे गेले, मागोमाग विनायक, आणि चहाचे कप गोळा करत असलेली अलकनंदाही तशीच हातात ट्रे घेऊन गेली.

तात्याराव कोपरापर्यंत पांढरे झाले होते. भुवयाही पांढऱ्या.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

विनायकने एका दमात सांगून टाकलं. धुक्याने पावडर ओली झाली, नवीन येईपर्यंत वेळ नव्हता, म्हणून इथेच भाजून घेतली. ओंजळीचं आणि बादलीचं त्याने सांगितलं नाही.

"आजची बॅच यातून काढलीस?" सरांचा चेहरा उजळला. "अरे, कमाल आहे. लॅबला सांगून सांगून थकलो मी, साइटवर करता येईल म्हणून. आणि हे कोण?"

प्रश्न साधा होता. पण बाहेरचा माणूस, तीन महिने, क्वार्टरमध्ये, मिथेनॉलच्या शेजारी, हे सगळं एकदम विनायकच्या डोळ्यांपुढे आलं. उत्तर तोंडातून आधी निघून गेलं आणि त्याला स्वतःलाच ते नंतर ऐकू आलं.

"कारागीर आहेत, सर. चुन्याचे. गावाकडून बोलावलेत."

अलकनंदाने ट्रे विटांच्या ढिगावर ठेवून दिला.

सर पुढे झाले. "बाबा, कुठले तुम्ही?"

"सांगोल्याकडचा," तात्याराव म्हणाले.

"म्हणजे विनायकच्याच भागातले."

तात्यारावांनी लेकाकडे पाहिलं. फार वेळ नाही, गोवरी सरकवायला लागतो तेवढा वेळ.

"व्हय," ते म्हणाले. "वळख हाय."

सर इतके खूश होते की त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. दर आठवड्याला पावडर लागणार, तेव्हा बाबांना रोजंदारीवर घ्यायचं. भट्टीवर नीट चिमणी बसवू, परवानगीचं मी बघतो. आणि जाता जाता म्हणाले, "तुझं कंत्राट वर्षभर वाढलं असं समज."

सोमवारी फॉर्म आला. नाव, गाव, वय, अनुभव. सगळ्यात खाली एक रकाना: प्रकल्पातील कोणत्याही कर्मचाऱ्याशी नातं. विनायक स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहीत होता. तिथपर्यंत पेन आलं आणि थांबलं.

"खरं ते लिहा," अलकनंदा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

"खरं लिहिलं तर नातेवाईक म्हणून यांना घेणार नाहीत. मग इथे कधीपासून राहतात, शेडमध्ये गेले होते का, सगळंच निघेल. मलाही ठेवणार नाहीत."

"मग जाऊ आपण. दुसरीकडे काम नाही का?"

"कुठे?" तो म्हणाला. तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

तात्याराव ताटावर बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"लिही न्हाय म्हनून. तीन म्हयनं फुकट लपवलंस, आता निदान पगार मिळंल."

ते हसले. कुणीतरी सोबत हसावं म्हणून थोडे थांबलेही. मग जेवू लागले.

विनायकने लिहिलं: नाही. दोनच अक्षरं होती, पण त्याला ती गिरवल्यासारखी हळू लिहावी लागली.

रोजंदारीवरच्या माणसाला क्वार्टरमध्ये राहता येत नाही. त्या संध्याकाळी अलकनंदाने सासऱ्यांचं अंथरूण सतबीरच्या गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन घातलं. त्याच्या आईने चारपाई झटकून ठेवली होती, शेगडीही पेटवली होती. अलकनंदा उशी ठेवून वळली आणि तिथेच रडली. म्हातारीने काही न विचारता तिला पाणी दिलं.

मंगळवारी सकाळी सतबीर आणि तात्याराव कुंपणाच्या दाराने आत आले, बाहेरून, कामावर येणाऱ्या माणसांसारखे. विनायक शेडच्या दारात उभा होता. त्याला वाटलं होतं, म्हातारा रोजच्यासारखा इनायका म्हणून हाक मारेल, मग आपण त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलू. काय बोलायचं ते पहाटेपासून जुळवत होता.

तात्याराव चार पावलं अलीकडेच थांबले. मफलर काढून हातात घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "भट्टी लावू का?"

विनायकने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा असती, राग असता, तर त्याने तो घेतला असता. दोन्ही नव्हतं. शेजारी सतबीर उभा होता, त्याला शब्द कळले नसले तरी साहेब कळला होता आणि तो जमिनीकडे पाहत होता.

"लावा," विनायक म्हणाला.

तात्याराव वळले आणि भिंतीच्या फटीतून पलीकडे गेले. त्यांना खूप काम होतं.